पहिला सूट मास्तरांकडून शिवून घ्यायचा तर

लग्न ठरलं की नवरदेवाची पहिली चक्कर हल्ली रेडिमेडच्या शोरूमला होते. ३८ नंबर बसत नाही, ४० ढगळ होतो, मग ४० घेऊन कंबरेत दाबून देतात. फोटोपुरता तो कोट बरा दिसतो. पण हात वर केला की कॉलर मानेपासून सुटते आणि बाही मनगटाच्या वर चढते. आपल्याकडे खान्देशात पूर्वी असं सहसा होत नसे, कारण कोट घालणाऱ्या प्रत्येकाचा एक टेलर मास्तर ठरलेला असायचा. जळगाव, धुळे, भुसावळ ही मोठी गावं झाली. चोपडा, पारोळा, शहादा, दोंडाईचा इथल्या बाजारपेठेतही कोट शिवणारे हात होते. हेडमास्तर, वकील, बँकेतले साहेब, कापसाचे व्यापारी अंगाला बसणाऱ्या कपड्यांत वावरत. सफारीच्या काळात तर शाळेतले गुरुजी कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नसत. मला तो काळ फार आवडायचा. त्यातली सगळी दुकानं काही बंद झालेली नाहीत, म्हणून हे लिहितोय. टेलरच्या दुकानाची पायरी ज्यांनी कधी चढलेली नाही, त्यांच्यासाठी.

खरं तर हा मुलूखच कापसाचा आणि कापडाचा. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल ही नावं घराघरात होती. पुढे जळगावच्या एमआयडीसीत रेमंडचा कारखाना आला आणि सुटिंगचं कापड आपल्या दाराशी विणलं जाऊ लागलं. खान्देश मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तरी कापड ओळखणारी आणि कापणारी माणसं अजून गावात आहेत.

आधी पॅन्ट, मग सूट

नवीन मास्तरांकडे थेट सूट टाकू नका. प्रत्येकाच्या घरी कपाटात आहेरात आलेले पॅन्टपीस-शर्टपीस पडलेले असतात. त्यातला एक चांगला पॅन्टपीस काढा आणि तो घेऊन जा. एका पॅन्टीवरून मास्तरांचा हात कळतो. बसल्यावर मागून ओढते का, खिशाचं तोंड उघडं पडतं का, दोन्ही पायांची इस्त्रीची घडी गुडघ्यावरून सरळ खाली उतरते का, हे बघा. पॅन्ट उलटी करून आतली शिलाईही बघा. टीप सरळ आहे का, मागच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं जादा कापड, सोडली आहे का? मागे इंच-दीड इंच माया असेल तर समजा, हा माणूस तुमच्या पुढच्या दहा वर्षांच्या पोटाचा विचार करून शिवतो.

पॅन्ट पसंत पडली की मगच कोटाचा विषय काढा.

कोट शिवणारा वेगळा असतो

शर्ट-पॅन्ट उत्तम शिवणारा प्रत्येक मास्तर कोट शिवतोच असं नाही. बरेच दुकानदार माप घेतात, कापड कापतात आणि शिलाईसाठी कोट बाहेरच्या कारागिराकडे देतात. यात गैर काही नाही, पण विचारून ठेवा: ‘मास्तर, कोट इथेच शिवता का बाहेर देता?’ बाहेर देत असतील तर कच्च्या ट्रायलच्या, म्हणजे नुसता टाचलेला कोट घालून बघायच्या, वेळी मास्तर स्वतः हजर राहतील ना, हे पक्कं करा.

चांगला कोटवाला शोधायचा सोपा मार्ग कोर्टातून जातो. तालुक्याच्या कोर्टात जुन्या वकिलांना विचारा, काळा कोट कुणाकडून शिवता? वकील वर्षातले बरेच महिने त्याच कोटात उभे असतात. ज्याचा खांदा काचतो तो टेलर त्यांच्याकडे टिकत नाही. भुसावळला रेल्वेतल्या जुन्या माणसांना विचारा. तिकीट तपासनिसांचे कोट शिवून तिथे कितीतरी हात तयार झाले. ऑनलाइन चांदण्यांपेक्षा हा शब्द मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. ‘बठा भाऊ’ म्हटलं की बसा. वयाने मोठे असतील तर नाना, आप्पा, काका म्हणा, मुस्लिम कारागिरांना गावात चाचा म्हणतात, आणि ‘मास्तर’ तर कुठेही चालतं. समोर टांगलेला एखादा तयार कोट दिसला तर परवानगी घेऊन हातात घ्या. काज हाताने केलेत का मशीनवर, कॉलरच्या खालची बाजू कशी बसवली आहे, चौकड्याचं कापड असेल तर खिशाच्या झाकणावर रेघा जुळल्या आहेत का, हे पाहून घ्या. रेघ जुळवायला कापडही जास्त लागतं आणि वेळही. जो ती जुळवतो तो बाकी गोष्टींतही चालढकल करत नाही.

कधी जायचं

तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते ती थेट आषाढापर्यंत. त्यात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गर्दी. जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात आणि दुकानात कापडाचे गठ्ठे छतापर्यंत लागतात. ईद आणि दिवाळीच्या आधी मास्तरांना मान वर करायला वेळ नसतो. या काळात गेलात तर सूट मिळेल, पण तो मास्तरांच्या दुसऱ्या हाताने शिवलेला असेल.

उत्तम काळ म्हणजे श्रावण ते पितृपक्ष. लग्नं नसतात, गणवेश आटोपलेले असतात. पितृपक्षात नवीन कापड घेणं घरातल्यांना चालत नसेल तर कापड आधीच घेऊन ठेवा. मास्तर त्या पंधरवड्यात बहुधा मोकळे असतात आणि शिलाईला हवा तितका वेळ देतात. लग्न हिवाळ्यात असेल तर निदान दोन महिने आधी माप द्या. आषाढ वद्य त्रयोदशीला संत नामदेवांची पुण्यतिथी असते, शिंपी समाजाची दुकानं त्या दिवशी बंद मिळू शकतात. शुक्रवारी दुपारी चाचांकडे जाऊ नका. एवढं लक्षात ठेवलं की हेलपाटा वाचतो.

कापड

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वात जास्त फसगत कापडात होते.

आपल्या हवेचा विचार आधी. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि निम्मी लग्नं त्याच दिवसांत असतात. अशा उन्हात पॉलिस्टरचं चमकदार कापड घातलं की घाम आतच कोंडतो. लोक समजतात लोकर म्हणजे थंडीचं कापड. तसं नाही. बारीक धाग्याचं, हलक्या विणीचं लोकरीचं सुटिंग उन्हाळ्यात पॉलिस्टरपेक्षा कितीतरी सुखाचं असतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. दुकानात ‘ट्रॉपिकल’ म्हणून मागा. वजन विचारा. चौरस मीटरला २२० ते २६० ग्रॅम हे आपल्याकडे बाराही महिने चालतं. त्याहून फार हलकं घेतलं तर कोट नीट सरळ पडतच नाही, कापड अंगाला चिकटून लोंबतं.

शुद्ध लोकर परवडत नसेल तर टेरीवुल घ्या, म्हणजे पॉलिस्टर-लोकरीचं मिश्रण. लोकरीचा वाटा जितका जास्त तितकं बरं. टेरीव्हिस्कोस स्वस्त पडतं, दिसायलाही वाईट नसतं, रोजच्या पॅन्टीला ठीक आहे. पहिल्या सूटसाठी मात्र मी ते सुचवणार नाही. इस्त्री जरा गरम लागली की त्यावर चकाकी येते आणि ती जात नाही. लिनन दिसतं फार सुंदर, पण चारचाकीत जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत त्याच्या सुरकुत्या मोजाव्या लागतात. सुती सूट घ्यायचाच तर कापड शिवायच्या आधी पाण्यात भिजवून, वाळवून मगच मास्तरांकडे द्या.

दुकानदार ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे सांगतो. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढला की कापड मऊ होतं, महाग होतं आणि नाजूकही होतं. मोटारसायकलवरून फिरणाऱ्या माणसाने सुपर १५० घेऊ नये, सीटवर घासून ते लवकर विरतं. १०० ते १२० पुरे.

शंका आली तर कापडाच्या कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन काडेपेटीने पेटवून बघा. लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतात. कापडाच्या किनारीवर गिरणीचं नाव आणि बऱ्याचदा मिश्रणही छापलेलं किंवा विणलेलं असतं, तेही वाचा.

किती घ्यायचं? ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाला कोटाला दोन आणि पॅन्टीला सव्वा मीटर, म्हणजे सव्वातीन मीटर. वेस्टकोट हवा असेल तर पाऊण मीटर आणखी. चौकडा असेल, पोट असेल किंवा उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर आधी मास्तरांना विचारून मगच फाडायला सांगा. त्याच कापडाची दुसरी पॅन्ट आत्ताच शिवून ठेवता आली तर फारच उत्तम, कारण सूटची पॅन्ट कोटाच्या आधी झिजते आणि नंतर तोच रंग मिळत नाही.

रंग गडद निळा किंवा गडद राखाडी. पहिला सूट काळा करू नका. आपल्याकडच्या धुळीत काळ्यावर प्रत्येक कण दिसतो, आणि दिवसाच्या लग्नात तो वकिली कोट वाटतो. भर उन्हातल्या लग्नासाठी फिका राखाडी शोभतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कापड घेत असाल तर थान दुकानाच्या दारापर्यंत आणून उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली निळा आणि काळा सारखाच दिसतो.

कोटाच्या पोटात काय आहे

कोटाचं वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये आणखी एक थर असतो. छातीचा आकार त्याच्यावर उभा राहतो. हल्ली बहुतेक ठिकाणी तो गोंदासारख्या द्रव्याने गरम प्रेसखाली चिकटवतात. त्याला फ्यूजिंग म्हणतात. काम पटकन होतं, स्वस्त पडतं, पण काही वर्षांत, वारंवार ड्रायक्लीन केल्यावर, छातीवर फुगे येण्याची भीती असते. जुन्या पद्धतीत कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवतात. असा कोट वापरत गेलं की छातीच्या आकारावर बसत जातो.

पूर्ण कॅनव्हासचं काम करणारे आता थोडे उरले आहेत. निदान छातीपर्यंत कॅनव्हास टाका, असं सांगा, आणि त्याची जास्त मजुरी आनंदाने द्या. कॅनव्हास आणि सुती बकरम (आत घालायचं कडक कापड) आधी भिजवून आकसून घेतलेलं असावं, नाहीतर पहिल्या पावसात कोट आतून गोळा होतो. उन्हाळी सूट असेल तर पाठीला अर्धंच अस्तर लावायला सांगा, तेवढाच वारा लागतो.

माप देताना

जो शर्ट आणि जे बूट सूटवर घालणार, तेच घालून जा. खिशातला मोबाइल, पाकीट, किल्ल्या काढून ठेवा. मग नेहमी उभे राहता तसे उभे राहा. पोट आत ओढू नका, छाती पुढे काढू नका. टेप कंबरेवर आला की सगळेच श्वास आत घेतात आणि पुढे बटण लावताना त्रास होतो.

चांगला मास्तर नुसते आकडे घेत नाही. तो मागे जाऊन तुमची पाठ बघतो, खांदे बघतो. बहुतेकांचा एक खांदा जरासा उतरता असतो. बॅग एकाच खांद्यावर अडकवणाऱ्यांचा, शेतात एका हाताने जास्त काम करणाऱ्यांचा तर हमखास. मापवहीत तो ‘डावा खांदा डाऊन’ असं काही टिपताना दिसला तर निश्चिंत व्हा. माप घेऊन झालं की तुम्ही स्वतः सांगायच्या गोष्टी म्हणजे मोबाइल कुठल्या खिशात ठेवता, घड्याळ कुठल्या हातात आणि केवढं, चष्म्याला आतला खिसा हवा का, आणि मोटारसायकल रोज चालवता का.

फॅशनचं थोडक्यात सांगतो. दोन बटणं, मध्यम रुंदीची लॅपल (कॉलरखाली छातीवर उलटणारी पट्टी), मागे दोन बाजूंना कट, पॅन्टीची मोहरी, म्हणजे खालचा घेर, फार अरुंद नाही. इतकं सांगितलं की पंधरा वर्षांनीही सूट जुनाट वाटणार नाही. मोबाइलवर हिरोचा फोटो दाखवायला हरकत नाही, पण त्याचा बांधा आणि आपला बांधा यातला फरक मास्तरांनी सांगितला तर ऐका. जोधपुरी शिवायचा असेल तर गळ्याचं माप दोनदा घ्यायला लावा.

मुलींनीही मुलाखतीसाठी, नोकरीसाठी ब्लेझर जरूर शिवून घ्यावा. फक्त लेडीज कोट शिवण्याची सवय असलेले मास्तर बघा, छातीच्या चुण्यांचं काम वेगळं असतं.

कच्ची ट्रायल

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नवखे लोक नेमका तोच टाळतात. ‘ट्रायल कशाला, तुम्ही शिवून टाका’ असं म्हणू नका. कच्च्या ट्रायलला कोट पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला असतो, कधी एकच बाही लावलेली, कॉलर अर्धवट, खिसे नाहीत. दिसायला तो भयानक दिसतो. घाबरू नका, याच अवस्थेत सगळं उसवून परत बसवता येतं.

बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी खांदा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथेच संपायला हवी. पुढे आली तर बाही वरून खड्डा पडल्यासारखी दिसते, आत राहिली तर दंड काचतो. कोट पूर्ण तयार झाल्यावर बाहीची लांबी, कंबर, पॅन्टीची उंची बदलता येते. खांदा बदलणं म्हणजे जवळपास नवा कोट. म्हणून निम्मा वेळ खांद्याला द्या.

मग कॉलर. मागून शर्टाच्या कॉलरचा अर्धा इंच दिसावा आणि कोटाची कॉलर मानेला लागून राहावी. मध्ये बोट शिरतंय म्हणजे पाठीचा तोल चुकलाय. कॉलरच्या खाली आडवी वळी पडत असेल तर तीही दाखवा. पुढे वरचं बटण लावल्यावर तिथून फुलीसारख्या सुरकुत्या निघाल्या तर पोटावर कोट घट्ट आहे. खालचं बटण कधीच लावायचं नसतं, त्यामुळे त्याच्यावरून फिटिंग ठरवू नका.

मुंढा म्हणजे बाही जोडायचा काखेभोवतीचा गोल, त्याच्याबद्दल लोकांचा उलटा समज आहे. मुंढा खोल आणि ढिला असला की हात मोकळा फिरतो असं वाटतं. प्रत्यक्षात मुंढा काखेच्या जवळ, वर घेतलेला असला तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. खोल मुंढ्यात हात उचलला की अख्खा कोट वर येतो. म्हणून ट्रायलला आरशासमोर पुतळ्यासारखे उभे राहू नका. खुर्चीवर बसा, नमस्कार करा, फेटा बांधायला हात डोक्यावर नेता तसे न्या, मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. लग्नात हे सगळं करावं लागतं.

बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि खाली शर्टाचा पाव ते अर्धा इंच कफ दिसावा. कोटाची लांबी सीट झाकेल इतकी, हात सरळ सोडल्यावर अंगठ्याच्या पेराच्या आसपास.

दोष सांगताना काय होतंय तेवढं सांगा. ‘इथे ओढतंय’, ‘बसल्यावर मागून वर येतोय’. ‘इथे अर्धा इंच कमी करा’ असं सांगू नका. ओढ कुठून येते हे मास्तरांना कळतं, आणि पोटावरच्या सुरकुतीचं मूळ कधीकधी खांद्यात असतं. घरातलं एक शांत माणूस बरोबर न्यायला हरकत नाही. पाच जण नेऊ नका, पाच मतांत मास्तरांचं डोकं फिरतं.

एका ट्रायलने समाधान झालं नाही तर दुसरी मागा. त्यात संकोच नको.

पैसे

माप देतानाच शिलाई विचारा आणि त्यात अस्तर, कॅनव्हास, बटणं धरलीत का तेही विचारा. काही अॅडव्हान्स द्या, पावती घ्या, पावतीवर कापडाचा छोटा तुकडा टाचून घ्या. कापडाच्या दुकानात हवी तेवढी घासाघीस करा, पण शिलाईत करू नका. कारागिराला मजुरी नगावर मिळते, आणि तुम्ही पाडलेला पैसा त्याच्याच हातातून जातो. आपल्याकडचे कितीतरी चांगले हात सुरतेला, पुण्याला रेडिमेडच्या कारखान्यात गेले, कारण इथे महिनाभर पुरेल एवढं काम आणि मोल मिळेना. जे राहिलेत ते आपल्या ऑर्डरवरच राहतील.

घरी आणल्यावर

उरलेलं कापड मागून घ्या, पुढे रफू करायला किंवा खिसा बदलायला तेच लागतं. कोट रुंद लाकडी हँगरवर टांगा, तारेच्या हँगरने खांद्याला टोक येतं. वर प्लास्टिक नको, जुन्या सुती चादरीची पिशवी शिवून घाला. घालून आलात की ब्रशने धूळ झाडा आणि एक रात्र हवेशीर टांगून ठेवा. दरवेळी ड्रायक्लीनला टाकू नका, वर्षातून एकदोनदा पुरे. इस्त्री थेट फिरवायची नाही, मध्ये ओलसर सुती फडकं ठेवायचं. लोकरीला कसर लागते, म्हणून पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कोटाच्या खिशात टाकू नका.

पहिल्या महिन्यात दोन-तीनदा घालून बघा आणि काही खटकलं तर लगेच घेऊन जा. मास्तर बहुधा पैसे न घेता दुरुस्त करून देतात. मापवहीतला तुमचा नंबर मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. पुढच्या वेळी नवीन कापड घेऊन गेलात की नंबर सांगा, पण माप नव्याने घ्यायला लावा. वर्ष-दोन वर्षांत कंबर बदललेली असते, आणि मास्तर जुना आकडा शेजारी ठेवून नवा लिहितात.